वहीच्या पानाएवढी फट

अकोल्यात बाबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्या म्हणजे आमचं घर. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुकानात यायच्या आणि त्यांचा वास घरात यायचा. आई छिन्नी-हातोडीनं जळकी तार कापून ओढून काढायची, बाबा नवी तार भरायचे, मग मोटार वार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकायला जायची. ती भट्टी आणि माझी अभ्यासाची जागा यांच्यामध्ये एकच भिंत होती. मे महिन्यात ती दोन्ही बाजूंनी तापायची. नळ पाच-सहा दिवसांनी एकदा यायचा, त्यामुळे हात धुण्याचं पाणीही मोजून. आईच्या भाकरीला वार्निशचा वास असायचा. बारावीचं वर्ष म्हटलं की मला अजून तेवढंच आठवतं, दुखणारं डोकं आणि तो वास.

तरी मी शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. केलं, अमरावतीला, आणि तिथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तासिका तत्त्व म्हणजे दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्याच खुर्च्यांपुढे, त्याच माणसांपुढे, त्याच नोकरीसाठी पुन्हा मुलाखत द्यायची. अशा सहा दिल्या. सोमवार ते शुक्रवार अमरावतीत भाड्याची खोली, शनिवारी एसटीनं अकोला.

बाबा चौथी शिकलेले. पण अकोल्यात त्यांच्या हातच्या कामाला नाव होतं. त्यांनी मोटारीखेरीज ट्रान्सफॉर्मरही खूप भरले. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात लोखंडाच्या पातळ पत्र्या असतात, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं, अशा एकमेकींत घुसवून ठोकून बसवायच्या. बाबांच्या पत्र्यांमध्ये नख शिरत नसे. दुसऱ्या कुणाचा गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला आला की ते तो कानाशी धरत आणि म्हणत, "फट ठेवली याच्यात. ज्याचं लोखंड बोंबलते त्यानं दुकान बंद करून पानठेला टाकाव." गिऱ्हाईक हसायचं. बाबा हसायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर बाबांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालावं लागलं आणि बोलणं पूर्ण गेलं. समजत सगळं होतं. डॉक्टरांनी पेन दाखवून विचारलं, हे काय? बाबांच्या ओठांची नुसती हालचाल झाली. आईकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण? डोळ्यांतून पाणी आलं, शब्द आला नाही. मग डॉक्टर म्हणाले, मोजा बरं, एक, दोन... आणि बाबांनी तीनपासून सुरू केलं ते चाळीसपर्यंत न अडखळता गेले. त्यांच्या मूळच्या, जाड आवाजात.

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. आयुष्यभर घोकलेल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या जागी असतात म्हणे, त्या कधीकधी वाचतात. त्याच धाग्याला धरून बाकीचं बोलणं थोडंफार येऊ शकतं. पण सराव पाहिजे, रोज. पहिल्या वर्षात जे येईल ते येईल. आई म्हणाली, "मंग बोलते तं हा मानूस. आकडे म्हन्जे बोलनंच व्हय नं?"

मी घरी आल्यावर वाटाण्याचे दाणे मोजायला दिले. बाबांनी ताट लोटून दिलं. मण्यांची पाटी आणली, ती त्यांनी तोंड फिरवून नाकारली. पोरांच्या खेळातलं मोजणं त्यांना नको होतं. ज्यानं तीस वर्षं मोजलं ते कामासाठी मोजलं. फुकटचं मोजायला तो तयार नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं.

म्हणजे काम पाहिजे, आणि ज्यात तारेचे हजारांनी वेढे असतील असं काम पाहिजे. मोटारीच्या एका कॉइलमध्ये वेढे असतात पन्नास-साठ. मी अमरावतीच्या खोलीत बसून विचार केला की मला येतं त्यातलं असं काय आहे, ज्याला भरपूर तार लागते. उत्तर आलं ट्यूबचा ॲम्प्लिफायर, जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या ट्यूबवर चालणारा. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जुनी ट्यूबवाली उपकरणं निर्लेखित होऊन पडली होती. त्यातल्या ट्यूब मी रीतसर अर्ज करून मागून घेतल्या. विभागप्रमुख सही करताना म्हणाले, "मॅडम, हे काय संग्रहालयासाठी का? आजकाल एवढासा ब्लूटूथचा डबा याच्यापेक्षा जोरात वाजते." मी म्हटलं, वाजू द्या. कारण सांगितलं नाही. माझ्या घरातलं दुखणं त्यांच्या टेबलावर मांडायची मला गरज नव्हती.

रचना मी पॅरलल फीडची घेतली. ती काय ते सोपं करून सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ट्यूबला चालायला एकसारखा वाहणारा प्रवाह लागतो, आणि गाणं म्हणजे त्या प्रवाहावर उठणारी थरथर. नेहमीच्या साध्या रचनेत प्रवाह आणि गाणं दोन्ही एकाच ट्रान्सफॉर्मरमधून जातात. पॅरलल फीडमध्ये दोघांना दोन वाटा. एकसारखा प्रवाह चोक नावाच्या कॉइलमधून येतो, आणि गाणं कपॅसिटरमधून वेगळं निघून ट्रान्सफॉर्मरकडे जातं, तिथून स्पीकरला. ॲम्प्लिफायरला डावी-उजवी अशा दोन बाजू, दोन स्पीकरांसाठी, म्हणजे एका बाजूला दोन लोखंडं, एक चोकचं, एक ट्रान्सफॉर्मरचं. लोक लोखंड कमी लागावं म्हणून रचना करतात, मी जास्त लागावं म्हणून केली. घरच्या विजेचा प्रवाह एकाच दिशेला वळवणारा रेक्टिफायरसुद्धा ट्यूबचाच घेतला. एका बाजूला एक ईएल चौऱ्याऐंशी ट्यूब, तिच्यापुढे ईसीसी त्र्याऐंशी या जोडट्यूबची अर्धी, बस. ट्रान्सफॉर्मरला अडीच हजार वेढे एकीकडे आणि शंभर दुसरीकडे. चोकला तीन हजार. आलेखाच्या कागदावर रेषा मी मारल्या, आकडे मी काढले. कुठून उतरवलेलं नाही, हेही सांगून ठेवते.

बाबांना मी कागद दाखवला. बाकी काही वाचत नसले तरी वेढ्यांचे आकडे त्यांनी वाचले. बराच वेळ बघितले. मग डाव्या हातानं वाइंडिंगच्या मशीनवरचं फडकं ओढून काढलं.

हँडल मी फिरवायची, बाबा मोजायचे. मशीनवरच्या काउंटरचे आकडे कधीच झिजून गेले होते, बाबांना त्याची गरज नव्हती. शंभर झाले की मी भिंतीवर खडूनं रेघ मारायची आणि ते पुन्हा एकपासून सुरू करायचे. एका बैठकीत तीन रेघा. मग त्यांची मान खाली जायची आणि आई चहा घेऊन यायची. असे शनिवार-रविवार करत आम्ही फेब्रुवारी आणि मार्च काढले. मध्ये मध्ये मी थांबून विचारायची, बाबा, हे काय? तार दाखवायची. पाणी दाखवायची. आईचं नाव विचारायची. काही नाही. हँडल फिरवलं की आकडे, थांबलं की शांतता. डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष तसंच पुढे सरकत होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला पहिल्या बाजूचा चोक आणि ट्रान्सफॉर्मर भरून झाले. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या मी बाबांच्या पद्धतीनं बसवल्या, जमल्या तशा. चोकच्या मात्र मुद्दाम वेगळ्या बसवल्या. चोकमधून एकसारखा प्रवाह जातो, त्यानं लोखंड चुंबकत्वानं ठासून भरतं, आणि भरलेलं लोखंड काही कामाचं राहत नाही. म्हणून चोकच्या गाभ्यात एक बारीक फट ठेवावी लागते. माझ्या गणितानं ती फट होती वहीच्या एका पानाएवढी. मी वहीचं पान कापलं, सगळ्या मोठ्या पत्र्या एका अंगाला लावल्या, मध्ये कागद, दुसऱ्या अंगाला त्यांच्या जोडीच्या सगळ्या अरुंद पट्ट्या, आणि क्लॅम्पनं आवळून टेबलावर ठेवलं. परीक्षेच्या ड्युट्या लागल्या होत्या, दोन आठवडे मी अकोल्याला आले नाही. नंतर मी आले तेव्हा चोक पिशवीत घालून घेऊन गेले.

अमरावतीत सगळं जोडलं. ॲम्प्लिफायर सुरू केला आणि आईनं फोनवर पाठवलेली सकाळची बुद्धवंदना लावली. आवाज आला. पण तो आवाज फाटका, बारका, जसं कोणी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून म्हणत आहे. खालचे सूर नव्हतेच.

मग जे सुरू झालं ते जुलैपर्यंत. ट्यूब बदलली. कपॅसिटर बदलला. सगळे रोध मोजले. प्रत्येक ठिकाणचा व्होल्टेज मीटरवर बरोबर यायचा, माझ्या कागदावर होता तेवढाच, आणि आवाज तसाच फाटका. आलेख तीनदा नव्यानं काढला. कॉलेजच्या ऑसिलोस्कोपवर बघितलं तर लाटेचं डोकं चेपलेलं. मे महिन्यात खोलीत पंखा बंद करून बसायची, कारण पंख्यानं कागद उडायचे. एकदा अडीचशे व्होल्टचा झटका खाल्ला आणि कोपरापर्यंत हात दोन दिवस बधिर होता. तेव्हा मनात आलं की बाबांचा हात असाच असणार, फक्त कायमचा.

जूनमध्ये मुलाखत झाली. या वेळी माझे तास निम्मे केले.

शनिवारी अकोल्याला गेले की आई विचारायची, वाजला का? मी नाही म्हणायची. बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. मला तेव्हा वाटायचं की त्यांना कळलंय, पोरगी सतरा वर्षं शिकली आणि एक डबा वाजवता येत नाही. दुसऱ्या बाजूच्या कॉइल्स भरायला घेण्याचं मी टाळत होते. पहिलंच वाजत नाही तर दुसरं कशाला? आठवडे तसेच गेले, मोजल्याशिवाय.

जुलैमध्ये मी चोकचा इंडक्टन्स, म्हणजे गाण्याची थरथर अडवून धरायची त्याची ताकद, प्रवाह चालू असताना मोजला. हे आधीच करायला हवं होतं. केलं नाही, कारण चोकवर मला शंका घ्यायचीच नव्हती. तो आमचा दोघांचा होता. चाळीस हेन्रीच्या आसपास यायला हवा तिथे दोनसुद्धा नव्हता. म्हणजे लोखंड भरलेलं. म्हणजे फट नाही. मी चोक सोडवला, पिशवीत घातला आणि मधल्याच वारी एसटीत बसले.

घरी टेबलावर क्लॅम्प खोलला. कागद नव्हता. पत्र्या एकमेकींत घुसवलेल्या होत्या, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं, घट्ट, नख शिरणार नाही अशा.

बाबा खाटेवर बसून बघत होते. मी वळले आणि बोलले. तीन महिने साठलेलं होतं, निम्मे झालेले तास होते, बधिर हात होता, ते सगळं त्या एका वाक्यात आलं.

"तुमाले काय समजते याच्यातलं? मोटार नाही व्हय हे. कावून हात लावला?"

बाबांनी खाली बघितलं. आई आतून आली. ती ओरडली नाही. माझ्या हातातून चोक घेऊन तिनं टेबलावर ठेवला आणि हळू बोलली.

"चार दिस लागले त्याईले. गुडघ्यात धरून, एका हातानं. पट्टी खाली पडे, मी उचलून देऊ तं चिडत. त्याईले वाटलं तू अर्धवट ठेवून गेली, त्याईनं पुरं केलं. तुले म्या सांगितलं नाही, म्हटलं पोट्टी पाहीन आन् खुश होईन."

मी तीन महिने पाहिलं नव्हतं. चोक माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर होता. आजार झाल्यापासून बाबांनी हातानं केलेलं पहिलं काम ते, आणि मी त्यालाच विचारलं होतं की तुम्हाला काय समजतं.

माफी मी त्याच संध्याकाळी मागितली. पायाशी बसून मागितली. त्यांनी डाव्या हातानं माझं डोकं थोपटलं. पण पुढच्या रविवारी मी मशीनपुढे बसले, हँडल फिरवलं आणि वाट बघितली, तर ते काही बोलले नाहीत. मी एक म्हटलं, दोन म्हटलं. ते भिंतीकडे बघत राहिले. नंतरच्या रविवारी तेच. डॉक्टरांकडे नेलं, तिथेही मोजलं नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, मन उतरतं. मी त्यांना सांगितलं नाही की मन कोणी उतरवलं.

ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. घरात आईचा आवाज, माझा आवाज आणि शेजारच्यांचा टीव्ही. त्या काळात मी चोकमध्ये पुन्हा कागद घातला, ॲम्प्लिफायर जोडला, आणि तो पहिल्या झटक्यात वाजला. गोल, भरलेला आवाज, खालचे सूर जागच्या जागी. लाटेचं डोकं अखंड. माझं गणित सुरुवातीपासून बरोबर होतं. मी स्विच बंद केला आणि दीड महिना परत लावला नाही. बरोबर असण्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. एक पोरगी हुशार निघाली आणि एका माणसाचे उरलेले शंभर शब्द गेले, असा तो हिशेब होता, आणि तो मला कुणालाच दाखवता येत नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मी दुसऱ्या बाजूच्या कॉइल्स भरायला घेतल्या. आशा म्हणून नाही. एका बाजूचा ॲम्प्लिफायर अर्धवट दिसतो आणि मला अर्धवट काही सोसत नव्हतं. मशीन दुकानातच होतं, बाबा त्यांच्या जागी खुर्चीत. मी हँडल फिरवत स्वतःच मोठ्यानं मोजत होते. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास.

"साठ," बाबा म्हणाले.

मी थांबले. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा म्हटलं, पन्नास, बाबा. त्यांनी मान हलवली, जशी ते जुन्या काळी शिकाऊ माणसाकडे बघून हलवायचे. "साठ," ते ठामपणे म्हणाले, आणि डाव्या हातानं फिरव अशी खूण केली. मी फिरवलं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. बाबा शंभरपर्यंत गेले.

मग मला उलगडलं. पहिल्या बाजूच्या वेळीही ते एकोणपन्नासवरून सरळ साठवर जात होते. लकव्यानं मधले दहा आकडे खाल्ले होते. मी हँडल, तार आणि खडू यांत इतकी गुंतलेली, की माझ्या कानावरून ते रोज गेलं आणि लक्षात आलं नाही. आमचा शंभर हा नव्वदाचा होता. अडीच हजार म्हणून भरले ते सव्वादोन हजार, आणि शंभर म्हणून भरले ते नव्वद. प्रमाण तेच, पंचविसास एक. म्हणून काही बिघडलं नव्हतं. आणि आता दुसरी बाजू पहिलीसारखी व्हायची तर तिचाही शंभर नव्वदाचाच पाहिजे होता. बाबा बरोबर सांगत होते. मी काही दुरुस्त केलं नाही. भिंतीवर रेघ मारली.

कॉइल्स भरून झाल्यावर ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या मी त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, याच्यात फट नको, हे तुमचंच काम. त्यांनी पाच दिवस घेतले. चोकच्या पत्र्या ठेवताना मी वहीचं पान हातात घेतलं आणि जे एप्रिलमध्ये सांगायला हवं होतं ते तेव्हा सांगितलं. मोटार भरणाऱ्याला कळेल अशा भाषेत, की या लोखंडावर एकाच बाजूनं सारखा जोर आहे, ते दमते, त्याला श्वास घ्यायला जागा पाहिजे. सांगायला दहा मिनिटं लागली. इतक्या वर्षांत मी त्यांना माझ्या शिक्षणातलं काही कधी समजावून सांगितलंच नव्हतं. ते समजणार नाही असं मीच धरून चालले होते. बाबांनी पान अंगठा आणि बोटात धरून त्याची जाडी बघितली. एक कोपरा वाकडा कापला होता, तो मला दाखवला. मी सरळ कापून दिला. तो त्यांनी स्वतः जागेवर ठेवला आणि पट्टी लावली.

डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष त्याच महिन्यात संपलं. बाबांना एकही नवा शब्द आला नाही. आईला ते हाक मारत नाहीत, मलाही नाही. आता काही येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. माझे तास अजून निम्मेच आहेत.

ॲम्प्लिफायर पूर्ण झाला आहे. दोन्ही बाजू वाजतात, प्रत्येकी दीड वॅट, स्पीकरला कान लावला तरी गुणगुण नाही. रचना माझी आहे. दुसऱ्या बाजूचं लोखंड बाबांनी एका हातानं बसवलं आहे. बाबा रोज सकाळी शंभरपर्यंत मोजतात, मधले दहा सोडून.